तो मरवा नव्हता

आप्पा, तो मरवा नव्हता. बिघडलेला मरवाही नव्हता. तो पिझ्झ्यावर भुरभुरतात तो ओरेगॅनो होता आणि लावायच्या आधीच मी तुम्हाला तसं सांगितलं होतं. आज दौंडच्या क्वार्टरच्या गॅलरीत त्याचे शेंडे खुडताना बोटांना तोच उग्र वास लागला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं डोकं पुन्हा तापलं.

न्हावऱ्याच्या मळ्यात गजऱ्याच्या मरव्याचे वाफे तुमचे. पाटापलीकडचा मुरमाड तुकडा मी हट्टानं मागून घेतला होता. बीएस्सी होऊन घरी बसलेल्या मुलीचं स्वतःचं असं तेवढंच. ओरेगॅनोला पाणी बेताचं लागतं, निचरा लागतो. मुरूम त्याला मानवला होता. पुण्याचा एक हॉटेलवाला माल बघायला येणार होता. त्याच आठवड्यात मी शिरूरहून एसटीनं परत येते, तर सगळी झाडं बांधावर, मुळं वर करून पडलेली.

"वास बघ. मरवा असा ओव्यावानी मारतो व्हय?" तुम्ही पान चुरगाळत म्हणालात. "बिघडलेलं झाड ठिवलं तर समदा मळा नासतो."

"आप्पा, हा मरवा नाहीच. मरव्याचं पान राखट असतं, मऊ असतं. हे हिरवं आहे, रुंद आहे. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"पोरीला पिझ्झ्याचं दुकान टाकून द्या, आप्पा!" शेजारचे मामा बांधावरून ओरडले. आणि तुम्ही हसलात.

वास बदललेलं झाड फुलायच्या आत उपटायचं, ही आपल्या माळ्यांची रीत. ती चूक मी समजू शकते. पण भेसळ फुलांतून बियांत उतरते आणि मरवा आपण बी न पेरता काडी खोचून लावतो, हे तुम्हीच मला शिकवलेलं. मग भीती कसली होती? मीच नीट दाखवलं नाही का, असंही स्वतःला विचारून पाहिलं. पान तर तुमच्याच हातात होतं. विचारायचं तेवढं राहिलं. पुढच्या हंगामात त्या तुकड्यात दादाचा कांदा लागला आणि मी नोकरी धरली. तुकडा कुणाचा, हे पुन्हा कुणी बोललंच नाही.

हा कागद माझ्या वहीतच राहील. एक मात्र सांगते. गॅलरीत मरव्याचीही कुंडी आहे. दोन्ही काडीनंच लावलेत, भेसळ होणं शक्य नाही. तरी मी त्या कुंड्या गॅलरीच्या दोन टोकांना ठेवल्यात.