संवादात नसलेलं पाणी

नेरूळ, मंगळवार, संध्याकाळ

टक् टक्. शाळेत गुरुजींची पट्टी टेबलावर ठेका धरायची आणि ते ओरडायचे, "कविता पोटातून म्हणा रे!" आज तीच पट्टी कानात वाजतेय.

नर्सिंग कॉलेजात व्हीआरचा चष्मा लावला की खोटं हॉस्पिटल दिसतं. तिथल्या म्हाताऱ्या पेशंटचा आवाज माझा, रेकॉर्ड केलेला. ऑपरेशनआधीचा पेशंट, नुसतं कण्हायचं होतं. मी रंगात येऊन पदरचं घातलं, "पोरी, घोटभर पाणी दे गं." रेकॉर्डिंगवाला खूश. मीही.

आज सराव बघायला बोलावलं होतं. शिरवणे गावातली एक मुलगी चष्मा लावून उभी. तिनं हवेतच पेला उचलला, किती अलगद तिरका केला! मॅडम कडाडल्या, "उपाशी ठेवलेल्या पेशंटला पाणी?"

"आजोबा मागत होते, मॅडम. नाय कसं म्हनू?"

"कुणी मागितलं नाही. वर खोटं बोलतेस? आता वॉर्डात जायचं नाही."

आवाज फक्त तिच्या कानात होता. पण मला तर ठाऊक होतं. मग गप्प का बसलो? पाहुणा म्हणून दिलेला गुलाब हातात होता म्हणून? तिचा तो हवेतला पेला डोळ्यांपुढून हलत नाही.

हे लिहिताना मध्येच बेल वाजली, उठलो. दारात तीच! कॉलेजच्या शिपायाकडून पत्ता घेऊन आलेली.

"आजोबा, निघताना 'येतो' म्हनलात, तवाच आवाज वलखला. उद्या मॅडमसमोर सांगाल?"

हो म्हणायला गेलो, तर घशाला कोरड.

ती म्हणाली, "पानी आनू?"