पहिली धार

१६ एप्रिल २०२३, रविवार

मी मनोहर भागूजी गायकवाड, वय ५६, बी.कॉम., लोणावळ्यातील एका चिक्की कारखान्यात भांडारप्रमुख, ही वही आजपासून करवंदाच्या आंबवणीसाठी स्वतंत्र ठेवीत आहे. हेतू एवढाच की काय केले, केव्हा केले आणि काय चुकले, हे स्मरणावर सोडायचे नाही. वही कुलपात राहील.

करवंदे ६ किलो ४००. तुकाराम आबांनी आणली. आबा पवनानगरच्या पुढच्या वस्तीवरचे. उन्हाळ्यात टोपली घेऊन आमच्या दाराशी येतात, बारा-पंधरा वर्षांचा परिचय. करवंदे निवडली, चेचली, गुळाच्या पाण्यासह काचेच्या बरणीत घातली. बरणीच्या तोंडाला नळी, नळीचे दुसरे टोक पाण्याच्या पेल्यात. सायं. ५.४० ला पहिला बुडबुडा.

आबा बरणीकडे बघत बसले होते.

"सायब, गाळायची कदी?"

म्हटले, गाळायची नाही. ही वाइन आहे.

"बरं. वाइन तर वाइन." आणि मिशीत हसले.

१९ एप्रिल, बुधवार

बुडबुडे मिनिटाला २२. वास जिन्यापर्यंत जातो. खालच्या काकूंनी माझ्या पत्नीला, सु.ला, विचारले, "सुनंदा, इडलीचं पीठ फार आंबलं का गं?" सु.ने हो म्हणून सांगितले. माझ्यासाठी खोटे बोलली.

आज दारावरची बेल दोनदा वाजली. एकदा गॅसवाला, एकदा कुरिअर. दोन्ही वेळा बरणीवर चादर टाकून मग दार उघडले.

२५ एप्रिल, मंगळवार

वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी. कुठल्याशा ओढ्याकाठी हातभट्टी उद्ध्वस्त, इतके लिटर 'रसायन' नष्ट, एकास अटक. माझ्या बरणीत जे आहे त्याला पंचनाम्यात हाच शब्द पडेल. कात्रण काढणार होतो. काढले नाही. घरात असे कात्रण कशाला?

३० एप्रिल, रविवार

चव घेतली. आंबट झाली आहे, बहुधा झाकण दोनदा उघडल्यामुळे. चूक माझी. ओतून टाकावी हे उघड आहे. पण सहा किलो करवंदे, दोन आठवडे आणि इतकी काळजी मोरीत ओतायला हात होईना. जुना कुकर आहे. तांब्याची नळी मिळते. ऊर्ध्वपातन केल्यास

पुढे लिहीत नाही. विचार करतो.

५ मे, शुक्रवार

बुद्धपौर्णिमा. सकाळी विहारात पंचशील. पाचव्या शीलापाशी आवाज आपोआप खाली गेला. मादक पदार्थांपासून दूर राहीन, हे वाक्य मी वयाच्या सहाव्या वर्षापासून म्हणत आलो आणि पाळतही आलो. वडिलांनी तरुणपणी दारू सोडली ती कायमची. त्यांच्यामुळे आमच्या आळीतली आणखी चार घरे सुटली. मी पीत नाही. चमचाभर चाखतो आणि नोंद करतो. हा युक्तिवाद विहाराच्या पायरीपर्यंतही टिकला नाही.

सु. शेजारच्या रांगेत. तिने माझ्याकडे पाहिले नाही, म्हणजे तिला ऐकू गेले.

७ मे, रविवार

सु. कामशेतला बहिणीकडे. सकाळी ९.१० ते दुपारी १.३५ कुकरवर ऊर्ध्वपातन. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. जिन्यात पाऊल वाजले की गॅस बारीक.

पुस्तकी माहिती अशी की सुरुवातीला उतरणारा भाग घातक असतो, दृष्टीही जाऊ शकते, तो टाकून द्यावा. किती, याबद्दल मात्र प्रत्येकाचे मत निराळे. मी सावधपणे १८० मिली वेगळा काढला. नखांचा रंग पुसायच्या द्रवासारखा वास. डोळ्यांत पाणी आले.

तो टाकला नाही. मोजमाप पुरे झाल्याशिवाय भांडारातून काही बाहेर फेकायचे नाही, ही तीस वर्षांची सवय. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून चिठ्ठी डकवली. 'विष' असे लिहायला पेन टेकवले होते. पण सु. वाचेल. घरात विष आणलंत, म्हणेल, आणि सगळेच बंद होईल. म्हणून लिहिले : पहिली धार. ७/५. १८० मिली. वेगळी ठेवणे.

दुसरी बाटली : मधली धार. तिसरी : शेवटची धार. तिन्ही स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर.

मधलीतला एक चमचा घेतला. नंतर दर अर्ध्या तासाने समोरच्या कॅलेंडरवरची बारीक अक्षरे वाचून पाहिली. दिसत होती.

९ मे, मंगळवार

कामावर. दुपारी आबा घरी येऊन इंद्रायणी तांदूळ देऊन गेले, असे सु. म्हणाली. बाकी काही नाही.

१० मे, बुधवार

संध्याकाळी ६.५० ला सु.ने आबांच्या तांदळाचा भात लावला. घरभर वास. मी म्हटले, आबांना काही दिलेस का?

"दिलं की. पिशवी रिकामी कशी परत पाठवायची? लाडू नव्हते. तेच फळीवरच्या बाटल्या बघून हसत म्हणाले, सायबाची भट्टी पेटली म्हनं. म्हटलं, न्या एक बाटली, तुमचीच करवंदं."

कोणती?

"चांगलीच दिली. पहिली धार."

मी फळीकडे पाहिले. दोन बाटल्या.

सु.ला अजून कळले नव्हते. "का? पहिल्या धारेची म्हणजे अस्सल, असं आख्खं जग म्हणतं. मीही लहानपणापासून ऐकतेय. तुम्हीच लिहिलंय ना, वेगळी ठेवणे? मला वाटलं, खास कुणासाठी तरी ठेवली आहे."

खरे आहे. आख्खे जग म्हणते. अस्सल माणसालासुद्धा आपण पहिल्या धारेचा म्हणतो. मीही कारखान्यात शंभरदा म्हटले असेल. बाटलीवर लिहिताना एकदाही आठवले नाही.

तिला सांगितले काय आहे ते. ती खाली बसली. गॅसवर भात तसाच राहिला, करपला.

आबांचा फोन अकरा वेळा लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. वस्तीवर जाणारी शेवटची जीप गेलेली. सकाळी पहिली.

सु. म्हणाली, "विष लिहिलं असतं तर?"

११ मे, गुरुवार

मधल्या धारेची बाटली पिशवीत घालून कामशेत, तेथून जीप. शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडी होती. माझा चेहरा पाहून तिने मलाच विचारले, "भाऊ, मळमळतंय का?"

वस्तीवर उतरलो तेव्हा ८.४०. आबांच्या दारात चार माणसे उभी. तेवढी वीस-पंचवीस पावले मी कसा चाललो हे लिहिता येत नाही. माणसे म्हशीच्या सौद्याला आली होती. आबा मध्ये बसून भाव करत होते. धडधाकट.

बाजूला घेतले. विचारले.

"मी पितो व्हय ती? पयल्या धारेची म्हनल्यावर? आवो, असला माल सवता प्यायचा नस्तो सायब. लेकीच्या सासऱ्याला दिली. काल दुपारच्याला घोरावाडीला गेलतो. व्याही लय खूश. म्हनला, आबा, औंदा मान ठेवलात."

मी सर्व सांगितले. आबांनी हातातल्या दाव्याला पीळ दिला.

"म्हंजी म्या व्याह्याला इख पाजलं."

तुम्ही नाही, मी.

"तितं कोन बगतंय तुमाला? दिली म्या." मग माझा हात धरला. "सायब, बाटली मागून आना. कायबी सांगा. पर ह्ये सांगू नका. माजी रेखा त्या घरात हाय. तिला जन्मभर आइकावं लागंल, तुज्या बापानं काय आनलं व्हतं म्हून."

मी हो म्हणालो. का म्हणालो ते ठाऊक नाही.

दुपारी १.१५, घोरावाडी. सोपानराव, आबांचे व्याही, रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त, स्टेशनपासून दहा मिनिटांवर घर. बाजेवर बसून कांदे निवडत होते. हाताने चाचपून, डोळ्यांजवळ नेऊन.

दिसत नाही का? मी विचारले.

"मोतीबिंदू. दिवाळीपासून धुरकट. आता सिग्नल लाल का हिरवा तेवढं कळतं, पेन्शनीला तेवढं पुष्कळ."

बाटलीत १२० मिली शिल्लक. म्हणजे ६०, काल सायंकाळी साडेसातच्या सुमारास, पाणी घालून. "कडक होती. डोकं जरा जड आहे सकाळपासून. पहिल्या धारेची म्हटल्यावर एवढं चालायचंच."

मी सांगितले की ती बाटली दुसऱ्या कुणाची, चुकून आली. मधली धार काढून दिली. त्यांनी बाटली उजेडात धरली, हसले. "म्हणजे चांगली घेऊन चाललात आणि दोन नंबरची देताय. हुशार आहात, गायकवाड साहेब."

रेखाने चहा केला. ती दाराआड उभी राहून माझ्याकडे बघत होती. आबांनी तिला काही कळवले नसावे. मी चहा प्यालो, बाटली पिशवीत टाकली आणि परत आलो.

सु.ने विचारले, "सांगितलंत?"

नाही म्हटले.

तिने दोन्ही ताटे वाढली, माझे पुढे सरकवले, आपले झाकून ठेवले.

पुस्तकात म्हटले आहे : डोकेदुखी, मग दृष्टी अंधुक. काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत. १८० मिलीत घातक अंश किती हे मला माहीत नाही. कदाचित फारच थोडा. कदाचित काहीच होणार नाही. गेले चार तास या 'कदाचित'वर काढले. ज्याला दिवाळीपासून धुरकट दिसते त्याला आणखी धुरकट दिसले तर कळणार कसे?

१२ मे, शुक्रवार

सकाळी ६.२० ला रेखाचा फोन. माझा नंबर आबांकडून घेतला म्हणाली.

"काका, मामंजींना आज अजून कमी दिसतंय. उलटीपण झाली. ते म्हणतात मोतीबिंदू पिकला. पण तुम्ही काल उरलेली बाटली न्यायला एवढ्या लांब का आलात?"

तिला फोनवर सांगितले. पूर्ण. मोजमापासह. ती म्हणाली, "मी त्यांना घेऊन निघते. तुम्ही थेट दवाखान्यात या. बाटली आणा."

आबांना दिलेला शब्द मोडला. सु. चपला घालून तयार होती. "मी येते. दिली मी आहे."

७.३० ची गाडी. बाटली रुमालात गुंडाळून छातीशी. एकदा तिने रुमालाची गाठ घट्ट केली.

घोरावाडी स्टेशनजवळच्या या दवाखान्यात ८.४० पासून. डॉक्टर बाई तरुण, आवाज न चढवणाऱ्या. किती घेतली, केव्हा, सोबत काही खाल्ले होते का, सर्व विचारले. मी वही उघडून ७ मेचे पान समोर ठेवले. त्यांनी वाचले.

"इतकं सगळं नीट लिहिता तुम्ही," त्या म्हणाल्या. "काल दुपारी का नाही सांगितलंत?"

सलाइन लावले आहे. रक्त पुण्याला पाठवले, निकाल संध्याकाळी. तोपर्यंत दृष्टीबद्दल त्या काही सांगत नाहीत. पोलिसांना कळवावे लागेल, हे मात्र सांगितले. मी म्हटले, कळवा.

९.५० ला आबा आले. धोतराला चिखल; जीप न मिळाल्याने अर्धी वाट चालत आले असावेत. माझ्याकडे न बघता सोपानरावांच्या उशाशी गेले. वाटले, आता ऐकावे लागेल. सोपानराव म्हणाले, "या व्याही. ऐकलं का, तुमच्या साहेबाची भट्टी बोगस निघाली."

आबा तोंडावर पंचा धरून रडले. रेखा त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. रेखाच्या सासूबाई कोपऱ्यातून बघत होत्या.

१०.२५. डॉक्टर बाईंनी बाटली परत माझ्या हातात दिली. तपासणीला जायची आहे. चिठ्ठीवर काय आहे ते नीट लिहून सही करा, म्हणाल्या. 'पहिली धार' वर रेघ मारली. खाली लिहिले : विषारी. पिऊ नये. आणि सही.

सोपानरावांनी हात पुढे केला. "बघू, काय लिहिलंत."

बाटली डोळ्यांपाशी नेली. लांब नेली. पुन्हा जवळ.

"अक्षर बारीक आहे, साहेब. मोठं काढा."

नवी चिठ्ठी घेतली. एका शब्दाला अख्खी चिठ्ठी. विष. दोन वेळा गिरवले. पुढे धरले.

आता दिसते का, मी विचारले.

ते बघत आहेत. सु.ने माझ्या दंडाला धरले आहे. मी हे लिहीत आहे, कारण त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

मनोहर भागूजी गायकवाड
घोरावाडी, दि. १२ मे २०२३