पत्नी नसलेल्या चालकाच्या नोंदणीबाबत

प्रति,
मा. तळप्रमुख,
पूर्व वेस मालवाहतूक तळ,
ओश शहर.

विषय : चालक-नोंदणीच्या विहित नमुन्यातील रकाना क्र. ९ अर्जदारास भरता येणे निसर्गतःच अशक्य असल्याने तो माफ करून ट्रकचालक म्हणून नोंद होणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे नामंजुरीपत्र, दि. २ सप्टेंबर.
२) आपल्या कार्यालयाचे नामंजुरीपत्र, दि. १९ सप्टेंबर.
३) आपल्या कार्यालयाचे नामंजुरीपत्र, दि. ६ ऑक्टोबर (मजकूर संदर्भ २ प्रमाणेच, तारीख तेवढी बदललेली).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार बुरुलकान जोरोएवा, वय ४७, ही आपणांस सविनय कळविते की,

१. अर्जदाराने या शहरात एकोणीस वर्षे ट्रॉलीबस चालविली असून त्या काळात एकही अपघात, तक्रार अथवा भांडण तिच्या नावावर नाही. (एक भांडण आहे, परंतु ते प्रवाशाने काढले होते व त्याने पुढे माफी मागितली.) अर्जदाराचे पती श्री. तेमिरकुल हे आपल्या तळावरील जागा क्र. २७ वर बावीस वर्षे स्वतःचा कामाझ ट्रक लावीत आले. गेल्या एप्रिलअखेर त्यांचा डावा गुडघा निकामी झाला. क्लच दाबला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, असे ते सांगतात. डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत, "गुडघा ठेवायचा की ट्रक, एक काय ते ठरवा," असे सांगितल्याने ट्रक तेव्हापासून घराच्या अंगणात उभा आहे व त्याखाली कोंबड्या अंडी घालीत आहेत.

तळाच्या नियमाप्रमाणे सहा महिने नोंदणीकृत चालक नसलेली जागा प्रतीक्षायादीतील पुढच्या इसमास दिली जाते. ही मुदत ३१ ऑक्टोबर रोजी संपते. जागा गेल्यास ट्रकला तळावर माल मिळणार नाही, आणि माल न मिळणारा ट्रक म्हणजे कोंबड्यांचे खुराडे, हे आपण जाणताच. सबब अर्जदाराने उन्हाळ्यात पतीकडून जड वाहन शिकून घेतले. (पतीने शिकविताना जे शब्द वापरले ते या अर्जात नमूद करण्याजोगे नाहीत.) ऑगस्टमध्ये पहिल्याच परीक्षेत परवाना मिळवून तिने आपल्याकडे नोंदणीचा नमुना सादर केला.

२. सदर नमुन्यातील रकाना क्र. ९ असा आहे : "पत्नीचे संमतीपत्र (अविवाहितांनी आईचे जोडावे)." हा रकाना कसा आला हे तळावरील लहानथोरांस ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी एका चालकाचे, ज्याचे नाव येथे घेणे बरे नव्हे, एक बिऱ्हाड ओशला व दुसरे खिंडीपलीकडे काराबाल्टास असल्याचे उघड झाले. दोन्ही बिऱ्हाडांच्या मालकिणी एकाच सकाळी फाटकावर येऊन ठेपल्या. त्या प्रसंगी आपल्या आधीच्या तळप्रमुखांची किटली व कार्यालयाच्या दोन काचा फुटल्या. तेव्हापासून चालकाच्या पत्नीस सर्व माहीत आहे याची लेखी खात्री तळ घेतो. अर्जदाराचा या रकान्यास मुळीच विरोध नाही. रकाना चांगला आहे. फक्त अर्जदारास पत्नी नाही.

३. ही बाब अर्जदाराने आपले नोंदणी कारकून श्री. कुशबेक यांच्या निदर्शनास आणली असता झालेले बोलणे जसेच्या तसे देत आहे :

"ताई, कागद सगळे झकास आहेत. हा नववा तेवढा भरून आणा."

"त्यात काय भरू?"

"बायकोची सही."

"अरे, मला बायको कुठून येणार?"

"ते मी कसं सांगू? तो तुमचा घरगुती प्रश्न झाला."

दुसऱ्या दिवशी पती श्री. तेमिरकुल स्वतः काठी टेकीत आले. त्यांनी, आपली पूर्ण संमती आहे, हवे तर आपणच रकाना नऊमध्ये सही करतो, असे सांगितले. त्यांचे शब्द असे : "एप्रिलपासून स्वयंपाक मी करतोय, कोंबड्या मी बघतोय, हिला घरी यायला उशीर झाला की दाराशी उभा मीच असतो. आता बायको व्हायला आणखी काय करू?" श्री. कुशबेक यांनी नियमपुस्तक दोनदा चाळले आणि मोठ्या सहानुभूतीने म्हणाले, "काका, मला पटतंय हो. पण उद्या तपासणीत विचारलं की मग नवरा कोण, तर त्याला रकानाच नाही."

४. कंसातील सवलतीप्रमाणे आईचे संमतीपत्र जोडावे म्हटले, तर अर्जदाराची आई आठ वर्षांपूर्वी निवर्तली. तिचा मृत्यूचा दाखला जोडला. त्यावर अर्जदार अविवाहित असल्याचा पुरावा मागण्यात आला. अर्जदार विवाहित असल्याने विवाहाचा दाखला जोडला. त्यावर, विवाहित असल्यास पत्नीचे संमतीपत्र जोडावे, असा शेरा आला. मग अर्जदार जन्म-विवाह नोंदणी कचेरीत गेली आणि आपणास पत्नी नसल्याचा दाखला मागितला. तेथील बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि आतल्या खोलीतल्या सर्वांना बोलावून आणले. दाखला मात्र त्यांनी दिला, शिक्क्यासह : "सदर महिलेस पत्नी असल्याची नोंद या कार्यालयात आढळत नाही." हा दाखला अर्जदाराने मोठ्या आशेने आपल्याकडे जोडला. आपले १९ सप्टेंबरचे उत्तर एका ओळीचे आहे : "अर्जदार विवाहित असूनही पत्नी नाही, माहिती विसंगत, नामंजूर."

येथे एक गोष्ट नम्रपणे नमूद करावीशी वाटते. अर्जदार आपल्या कार्यालयाबाहेर ज्या बाकावर बसते त्याच्या बरोबर वर कर्णा आहे. रोज सकाळी नऊला त्यातून आपल्या स्वतःच्या आवाजात घोषणा होते : "चालक पाहिजेत! अनुभवी, निर्व्यसनी, जबाबदार चालकांनी त्वरित भेटावे!" तळावर अडतीस ट्रक चालकांवाचून उभे आहेत, कारण निम्मे चालक कामासाठी रशियात गेले. कांद्याच्या गोण्यांना कोंब फुटू लागले आहेत. अर्जदार अनुभवी आहे, निर्व्यसनी आहे, आणि त्वरित भेटावयास गेल्या सहा आठवड्यांत अकरा वेळा आली आहे.

५. आता मुख्य प्रकरणाकडे वळते, जे आपल्या दप्तरी चुकीचे नोंदले गेले आहे.

दि. १० सप्टेंबर रोजी अर्जदार नेहमीप्रमाणे बाकावर बसली असता चालक श्री. इस्मानाली हे पीच फळांनी भरलेला ट्रक फाटकातून काढता काढता पोट धरून स्टिअरिंगवर कोसळले. त्यांना आंत्रपुच्छाच्या दुखण्याने तातडीने इस्पितळात नेण्यात आले. ट्रक फाटकात आडवा राहिला, मागे नऊ गाड्या खोळंबल्या, ऊन चढू लागले. फळांचे व्यापारी श्री. हामराकुल डोक्याला हात लावून, "अरे, उद्या दुपारपर्यंत बिश्केकला पोचले नाहीत तर याचा मुरंबा होईल रे!" असे ओरडत फिरत होते. अशा वेळी श्री. कुशबेक खिडकीतून अर्धे बाहेर येऊन म्हणाले, "कुणीही चालवा, पण ती गाडी माझ्या दारातून हलवा!"

अर्जदार उठली. तिला कोणी विचारले नाही, कोणी अडविलेही नाही. श्री. हामराकुल एवढेच म्हणाले, "काकू, वळणांवर जरा हळू. पिकलेली आहेत." अर्जदाराने पतीस फोन करून ती कोठे चालली आहे ते सांगितले. मग ते म्हणाले, "अलाबेल खिंडीच्या उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस. गिअरवर उतर. आणि काहीतरी खा."

महोदय, पुढील परिच्छेदाचा अर्जाशी थेट संबंध नाही, तरी तो काढून टाकण्यास अर्जदाराचे मन होत नाही. एकोणीस वर्षे अर्जदाराची गाडी वरच्या विजेच्या तारांना जोडलेली होती. तार जाईल तिकडे गाडी. दर काही वेळाने मान वर करून, दांडे तारेवर आहेत ना, हे पाहण्याची सवय तिला जडली आहे. अलाबेल खिंडीच्या माथ्यावर तिने सवयीने वर पाहिले, तर वर तार नव्हती. नुसते आकाश होते, आणि पुढे सुसामिरच्या पठारावर मावेल तेवढा रस्ता. अर्जदाराने गाडी बाजूस घेतली, खाली उतरून रस्त्याकडेच्या तंबूतल्या म्हाताऱ्याकडून घोडीच्या आंबविलेल्या दुधाचा वाडगाभर कुमीस घेतला. म्हाताऱ्याने रिकाम्या केबिनमध्ये डोकावून विचारले, "चालक कुठाय?" अर्जदार म्हणाली, "मीच." तो म्हणाला, "मग आणखी अर्धा वाडगा घे, पुढं बोगदा लांब आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता पीच बिश्केकच्या बाजारात उतरले. दोन पेट्या चेपल्या होत्या. परतीस अर्जदार पिठाची पोती घेऊन आली.

६. आपल्या नोंदवहीत चालक म्हणून नोंदणी नसलेल्या व्यक्तीचे नाव लिहिता येत नसल्याने ही फेरी श्री. इस्मानाली यांच्या नावे लिहिली गेली. येथपर्यंत अर्जदाराची तक्रार नव्हती. परंतु सप्टेंबरअखेर सर्वांत जलद व सुरक्षित फेरीबद्दल "महिन्याचा उत्कृष्ट चालक" म्हणून आपण श्री. इस्मानाली यांचा सत्कार केला. त्यांना पोटावर टाके असल्याने ते हार घालून घेण्यास वाकू शकले नाहीत, हे आपल्या लक्षात आले असेलच. एवढ्यावर न थांबता त्यांची आजारपणाची रजा नामंजूर झाली, कारण आपल्या दप्तराप्रमाणे ते त्या दिवशी अलाबेल खिंडीत होते. इस्पितळ म्हणते ते खाटेवर होते. श्री. इस्मानाली भेट मिळालेला थर्मास घेऊन अर्जदाराच्या घरी आले आणि दाराशीच म्हणाले, "वहिनी, हा तुमचा ठेवा. आणि मी नक्की कुठं होतो ते एकदा कुणाला तरी सांगा हो, घरी बायको विचारतेय."

७. ही विचारणा रास्त असल्याने श्रीमती साल्तानत, म्हणजे श्री. इस्मानाली यांच्या पत्नी, यांनी प्रकरण हाती घेतले. रकान्यास पत्नीची सहीच हवी तर पत्न्यांची तळावर वाण नाही, असे म्हणून त्यांनी दोन दिवसांत एकोणीस चालकांच्या पत्न्यांच्या सह्या गोळा केल्या : "बुरुलकान हिने ट्रक चालविण्यास आम्हां सर्वांची संमती आहे." खाली एकीने स्वहस्ते लिहिले आहे, "माझ्या नवऱ्याच्या जागी पाठवलीत तरी चालेल." हा कागद दाखल केला असता, दुसऱ्याची पत्नी ग्राह्य धरता येत नाही, असे तोंडी कळविण्यात आले. तीन वर्षांपूर्वीचा प्रसंग पाहता हे धोरण योग्यच आहे, असे अर्जदार प्रांजळपणे मान्य करते.

८. तरी कृपावंत होऊन,

(अ) रकाना ९ मध्ये "पत्नीचे" ऐवजी "घरच्या माणसाचे" असे वाचावे. एका शब्दाची ही दुरुस्ती तळास काही जड जाणार नाही;

(आ) श्री. इस्मानाली हे १० सप्टेंबर रोजी इस्पितळातच होते, असे लेखी द्यावे, कारण त्यांच्या घरी याची फार निकड आहे;

(इ) पत्नी नसण्याचा दाखला मूळ प्रत असल्याने परत करावा. अर्जदाराच्या पतीस तो चौकटीत लावायचा आहे.

जागा क्र. २७ जाण्यास सतरा दिवस उरले आहेत. अर्जदार कोणतीही सवलत मागत नाही. कर्ण्यातून आपण ज्याला हाक मारता तो माणूस आपल्या दारातच बसला आहे, एवढेच ध्यानात घ्यावे, ही विनंती.

सदैव बाकावर उपलब्ध असलेली,

आपली नम्र,
(सही)
बुरुलकान जोरोएवा
ओश, दि. १४ ऑक्टोबर

सोबत : १) जड वाहन परवान्याची प्रत. २) विवाहाचा दाखला. ३) आईचा मृत्यूचा दाखला. ४) एकोणीस पत्न्यांचे संमतीपत्र. ५) पतीचे संमतीपत्र, कणकेच्या डागासह.

ता. क. : हा अर्ज देण्यास अर्जदार आज सकाळी आली असता आपण राजधानीत "चालकांचा तुटवडा : कारणे व उपाय" या विषयावरील बैठकीस गेल्याचे समजले. श्री. कुशबेक यांनी अर्ज खिडकीतच उभ्याने वाचला. मध्ये दोनदा हसले, एकदा नाक ओढले. तेवढ्यात कांद्याचे व्यापारी, कोंब फुटलेला एक कांदा हातात घेऊन, खिडकीशी आले व तो त्यांच्यापुढे ठेवून गेले. श्री. कुशबेक यांनी थोडा वेळ त्या कांद्याकडे, थोडा वेळ अर्जदाराकडे पाहिले. मग नोंदवही उघडून जागा क्र. २७ पुढे अर्जदाराचे नाव पेन्सिलने लिहिले, रकाना नऊमध्ये "घरी विचारले आहे" असे घातले, आणि म्हणाले, "ताई, साहेब येईपर्यंत पेन्सिल. पुढचं त्यांच्यावर." अर्जदार त्यांना कोणत्याही प्रकारे अडचणीत आणू इच्छित नाही. गाडी कांद्यांनी भरून झाली असून अर्जदार आता निघत आहे. आपण परत याल तेव्हा ती खिंडीच्या पलीकडे असेल, व तेथे फोन लागत नाही. पेन्सिलच्या नावावरून शाई फिरविण्याचे काम तेवढे आपले उरले आहे.