आई दगडासारखी झोपते

६ जून

चि. धाकटीस,
अ. आ.

काल दिग्दर्शक घरी आले होते. नव्या नाटकात प्रॉम्प्टर म्हणून आईऐवजी दुसरं कुणी बघावं का, असं त्यांनी चाचरत विचारलं. तिला आख्खं नाटक पाठ असायचं; आता काल पाठ केलेलं आज कोरं. मागच्या प्रयोगात संहिता हातात असून भलतंच पान वाचलं. मी पहिल्या प्रयोगापर्यंत मुदत मागून घेतली आहे. झोप मात्र उत्तम. बाबा गेल्यापासून गोळी घेते आणि दगडासारखी पडते. तू झोपेच्या प्रयोगशाळेत जगाचे मेंदू तपासतेस, आईचाही बघ.

लोभ आहेच, उत्तरही असू दे.
दादा

२४ जून

ती. दादास,
सा. न.

आईने डोक्याला तारा लावू दिल्या. हा चिकटा केसांतून निघेल ना, एवढंच विचारलं. तुझी ‘उत्तम’ झोप मी पडद्यावर पाहिली. गोळीमुळे घाईच्या, छोट्या लहरींची गर्दी आहे. ज्या मोठ्या, संथ लहरींत दिवसाचं शिकलेलं मुरतं असं मानतात, त्या खुजट. एका आलेखावरून मी उडी मारत नाही. वयाचाही भाग असेल. शिवाय माझी आई म्हणून मला हवं तेच दिसतंय की काय, या शंकेने नाव झाकून आलेख डॉक्टरांना दाखवला. हे कोणती गोळी घेतात, असं त्यांनीच विचारलं. आता डॉक्टर ती गोळी हळूहळू कमी करतील. एकदम बंद करायची नाही, आणि तू शूरपणा करून डबी लपवायची नाहीस. ती जागेल, चिडेल. सोस.

माया आहे तशीच ठेव.
धाकटी

१२ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. आ.

मधले आठवडे आई तुला ‘तारावाली’ म्हणत होती आणि मला ‘पहारेकरी’. पण गोळी सुटली, आणि काल पहिला प्रयोग झाला. दुसऱ्या अंकात मुख्य नट दोन पानं गाळून पुढे गेला. खुनाची कबुलीच राहिली! विंगेत मी आईकडे पाहिलं. आईने संहिता उघडलीसुद्धा नाही. समोरच्या नटीला हळूच पुरवलं, “मग दार आतून कुणी लावलं?” हे वाक्य नाटकात मुळी नव्हतंच. नटीने ते विचारलं, नट चमकला आणि सरळ कबुलीवर आला.

दिग्दर्शकांनी ते वाक्य संहितेत कायम केलंय. आई म्हणते, ते आधीपासून नव्हतं ही लेखकाची चूक.

पुढच्या प्रयोगाला ये, आणि येताना नेहमीसारखं भांडण घेऊन ये.
दादा