चाचीची लाकडं

८ फेब्रु. १९६७, अबुधाबी
शुद्धलेखन चुकणार, हात पण हळू चालतो. आई गेली तेव्हा सातवीतच शाळा सुटली, मग बाबांनी इकडे आणलं.
बाबांच्या कंपनीतला गोरा साहेब कायमचा गेला. जाताना बाबांना माल्टचा डबा दिला, अन् वाळलेल्या कडू फुलांची पुडी. बाबा घरी बियर करणार. माल्टच्या पाण्यात फुलं टाकून तासभर खळखळ उकळायचं. नुसतं गरम चालत नाही म्हणे.

१० फेब्रु., शुक्र.
आधी साधं पाणी ठेवून बघितलं. स्टोव्हला पंप मारून दंड भरले. एवढ्या मोठ्या पातेल्यात मधे चार बुडबुडे, कडेला कोमट. मग बाबांनी विजेचा रॉड सोडला. अख्ख्या ओळीचे दिवे गेले. बाबा म्हणे, "कोणी विचारलं तर आपण झोपलो होतो."
राहिली हलिमाचाचीची चूल. चाची शेजारची, रत्नागिरीची. भिंतीपलीकडे तिची गाभण शेळी बांधलेली असते. रोज माझी वेणी घालते. इथे मी बोलते ती तिच्याशीच.
बाबा म्हणाले, "काकवी आटवतोय सांग."
मी पातेलं घासायला घेतलं.

१२ फेब्रु.
खोटं तोंडातून निघेना. बियर आहे म्हटलं. चाची भाकरी थापत होती, हात थांबला.
"माझ्या चुलीवर नाय हो चढायची ती, पोरी."
मी निघाले, तर मागून, "लाकडं ने. पंप मारून हात मोडशील." मग दार लावून घेतलं.
मागच्या वाळूत तीन दगड मांडले. काय उकळलं! फेस वर आला की मी लाकूड मागे ओढायची. बाबा "शाबास, शाबास" करत नुसतेच भोवती फिरत होते. माझं लक्ष चाचीच्या दाराकडे.

१५ फेब्रु.
बादलीत फसफसतंय. बाबा फडक्याला कान लावून बसतात.
उरलेली लाकडं चाचीच्या दाराशी ठेवली. संध्याकाळी तिथेच. माझी वेणी मीच घातली, वाकडी.

१७ फेब्रु., शुक्र.
बाटल्या धुऊन ठेवल्यात. बाबा माझ्या वेणीकडे बघत होते. म्हणाले, "ओतून टाकू का गं?" किती खूश होते ते त्या दिवशी. मी धुतलेलीच बाटली परत धुवायला घेतली. बाबांनी बादलीवरचं फडकं उचललं, परत झाकलं.
भिंतीवरून चाचीची हाक. "गो पोरी, शेळी व्याली. दोन झाली. यल्ला, ये लवकर, एक उभंच राहत नाय."