शेवटचा कोणीच नव्हता

रवि., १२ जाने.
कर्जतच्या रानातून आत्ता घरी. गुडघे संपलेत. वैशाली पडली. घोटा मोडला असणार, पाऊल भलतीकडेच वळलं होतं. ऑफिसच्या आमच्या रविवार-ग्रुपात न कुरकुरता चालणारी ती एकटी, आणि पडायचं नेमकं तिनेच.
मी बरीच मागे, झऱ्यापाशी गुडघ्याला पट्टा बांधत बसले होते. वळणापलीकडून बाइकचे आवाज, मग हॉर्न. दोनदा, आखूड, घोगरा. मग वै.ची किंकाळी. मी धडपडत पोचेपर्यंत बाइकवाले खालच्या गाडीवाटेने गेलेसुद्धा. धूळ तेवढी दिसली. वाडीतल्या माणसांनी चादरीची झोळी करून तिला खाली आणलं.
शेखरही आज त्याच रानात होता, त्याच्या बाइकवाल्या मित्रांबरोबर. नवरा-बायको एकाच वाटेवर, तो चाकांवर आणि मी पायांवर. नेहमीचंच.
हॉर्नबद्दल आज काही लिहीत नाही.

सोम., १३ जाने.
वै.च्या घोट्यात प्लेट टाकली. दीड महिना पाय टेकवायचा नाही.
शे. रोज चाळीच्या गेटपाशी दोनदा हॉर्न देतो आणि मी तवा ठेवते. वरणभात असला तरी देतो, सवयच. आज एकदम दारातच उभा. सासूबाई म्हणाल्या, "शेखर इलो? हॉर्न खंय वाजलो?"
"बॅटरी वीक आहे गो आये."
बांगडे उशिरा तळले. जेवताना त्याने विचारलं, "वैशालीचं कसं आहे?" सांगितलं. मान खाली घालून जेवला, दुसऱ्यांदा भात घेतला नाही. तेव्हाच विचारायला हवं होतं. दमले होते. उद्या.

गुरु., १६ जाने.
उद्या उद्या करत गुरुवार आला.
दोन्ही ग्रुपांवर नुसता शिमगा. आमचे म्हणतात, बाइकवाले गुंड. ते म्हणतात, वाट काय तुमच्या बापाची? दोघांच्याही बापाची नाही. ज्यांची आहे त्यांचा आज फोन आला, वाडीच्या वनसमितीचे हरीभाऊ. "बाइकनं गुरं बुजतात, ते तर आहेच. पण ताई, तुमचे चालणारेबी चार-चार जण आडवे चालतात, वर गाणी लावतात. आमच्या बाया डोक्यावर मोळी घेऊन काट्यात उतरतात तुमच्यापायी. दोघं एकत्र बसा, नियम लिहून आणा. नाय तर दोघांनाबी वाट बंद."
यात खोटं काय आहे?
आमच्याकडून बोलायला मी. बाइकवाल्यांकडून शे. म्हणजे मीटिंग आमच्याच ओट्यापाशी. एरवी हसू आलं असतं.
वाट बंद व्हायला नको. आठवडाभर ऑफिसात, घरात, फोनवर सगळे मला हाका मारत असतात. रानात कोणी मारत नाही. एवढंच, पण तेवढ्यावर माझे सहा दिवस निघतात. शे.चंही तसंच असावं. आम्ही कधी बोललो नाही त्यावर.

रवि., १९ जाने.
फणसवाडीत वै.कडे. दुसरा मजला, लाकडी जिना, कठड्याला धरून चढले. तिचा पाय उशीवर, तोंड नेहमीसारखं चालू. आधी बरं वाटलं.
मग म्हणाली, "त्याने हॉर्न दिला गं, नाही असं नाही. मी बाजूला झाले ती उताराच्या बाजूला. डोंगराकडे सरकायचं असतं, मीच नव्यांना शिकवते. पडले ती माझ्याच मूर्खपणाने. पण अलका, मी ओरडले. त्याने स्पीड कमी केला, मला ऐकू आलं. आणि मग वाढवला."
मी चहाचे कप विसळून ठेवले.
"तो हॉर्न मी झोपेतही ओळखेन. सर्दी झालेल्या म्हाताऱ्यासारखा."
शे. मला गल्लीच्या तोंडाशी सोडून जातो, वर कधी येत नाही. तिने तो हॉर्न आधी ऐकलेला नाही. आज पहिल्यांदाच त्याचं बरं वाटलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली.
घरी येऊन शे.ला सगळं जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, आता तरी बोलेल. "बघतो, ग्रुपवर विचारतो कोण होतं ते," म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

बुध., २२ जाने.
संध्याकाळी गेटपाशी टीं टीं. मी कांदा चिरत राहिले. दोन मिनिटांत शे. दारात.
सासूबाई: "हो तुझो हॉर्न? माका वाटला दुसरोच कोणतरी."
"नवीन बसवला. जुना खराब झाला होता."
जुना घेतल्यापासून खराबच होता. त्यावरून मी किती चिडवायचे त्याला. तवा ठेवला, तेल जास्त पडलं.
मला राग येत नाहीये, हेच वाईट आहे. नुसता थकवा येतो.

शनि., २५ जाने.
दादरला उडप्याकडे दोन्ही बाजू. बाइकवाले पाच, आम्ही चौघी. कॉफी निवेपर्यंत नुसती तूतूमैंमै.
त्यांची एक पद्धत शे.ने समजावली. समोरून कोणी आलं की प्रत्येकाने बोटं दाखवायची, मागे अजून किती बाइक येताहेत ती. शेवटच्याने मूठ दाखवायची, म्हणजे आता वाट मोकळी. छान आहे. मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.
मी विचारलं, "मग त्या दिवशी मूठ कोणी दाखवली?"
पहिला म्हणाला, माझ्या मागे होते. दुसरा म्हणाला, माझ्याही. सगळे तेच. शे.ही कपाकडे बघत म्हणाला, "मागे होतं कोणीतरी." पाच बाइक गेल्या आणि शेवटचा कोणीच नव्हता.
परतताना त्याच्या मागे बसले. खांद्यावर हात ठेवला, पडायला नको म्हणून.

रवि., २६ जाने.
खाली सकाळपासून लाउडस्पीकर, देशभक्ती. वर आम्ही दोघं नियम लिहायला. मी सांगायचं, त्याने लिहायचं, त्याचं अक्षर बरं.
बाइक फक्त रुंद गाडीवाटेवर, पायवाटेवर नाही. पावसाळ्यात अजिबात नाही. गुरं किंवा मोळीवाली दिसली की थांबून इंजिन बंद. गुरांजवळ हॉर्न नाही. चालणाऱ्यांनी एकामागे एक, डोंगराच्या अंगाला. गाणी नाहीत, कानात इअरफोनचे बोळे नाहीत. चढणाऱ्याला आधी वाट. भराभर लिहीत होता. एका नियमावर थोडे भांडलोही, बरं वाटलं.
मग मी म्हटलं, "लिही. ओलांडून पुढे गेलं की थांबून मागे बघायचं."
पेन थांबलं. खालचं गाणं संपून दुसरं सुरू झालं.
"आरशात बघितलं तर चालेल?"
"आरशात दिसलं तर काय करायचं?"
उठला. माठातलं पाणी प्यायला, पेला धुऊन पालथा घातला. हा माणूस कधी पेला धूत नाही. परत येऊन बसला आणि लिहिलं, 'थांबून मागे बघायचं.' अक्षर बिघडलं होतं.
मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. इतकी वर्षं संसार केला, पण इतकं सरळ आम्ही कधी बोललो नव्हतो. तरी बोललो असं म्हणता येत नाही.

गुरु., ३० जाने.
हरीभाऊंचा फोन. नियम समितीला पटले. "पण पडल्या त्या ताईंचं काय म्हणणं? त्या हो म्हणाल्या तर उघडू."
वै.ला फोन केला. ती म्हणाली, "नियम झकास आहेत. तो माणूस एकदा माझ्यासमोर येऊ दे, मग हो की नाही ते सांगते." मग म्हणाली, "तुला माहितीये ना गं कोण ते?" मी म्हटलं, कुकर झालाय, नंतर बोलते. कुकर लावलाच नव्हता.
रात्री शे.ला निरोप सांगितला. भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपलेला नव्हता, मला कळतं.

रवि., २ फेब्रु.
दुपारी झोपले होते. गेटपाशी दोनदा हॉर्न. घोगरा. सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "इलो बघ तुझो म्हातारो!" मी तशीच खिडकीत. शे. खाली बाइकवर, हात काळे, जुना हॉर्न परत बसवलेला. टाकला नव्हता तर. वर बघून म्हणाला, "चल, फणसवाडीला जाऊ."
आज गल्लीच्या तोंडाशी थांबला नाही, आत घेतली. वै.च्या खिडकीखाली बाइक उभी केली, इंजिन बंद केलं. अंगठा हॉर्नवर ठेवून थोडा वेळ नुसता बसला. मग वाजवला. दोनदा, आखूड.
वै. खिडकीत यायला वेळ लागला. कुबडी टेकत आली. आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जास्त वेळ. मग आत गेली. खिडकी लावली नाही.
"मी पण येते," म्हटलं.
"नको. शेवटचा मी होतो," म्हणाला, हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि गेला. जिन्यात कोणी गॅसचा सिलिंडर घेऊन उतरत होता, त्याला भिंतीला चिकटून वाट दिली. मग दिसेनासा झाला.
मी खाली ओट्यावर बसून हे लिहितेय. हेल्मेट मांडीवर आहे, घामाचा वास येतोय त्याला. तो खाली आला की मलाही वर जावं लागणार आहे, कुकरचं सांगायला.
बराच वेळ झाला. वरून काहीच आवाज नाही. वैशाली इतका वेळ गप्प राहणारी बाई नाही.