नात्यात नसलेली दोन माणसं

३ एप्रिल, गुरुवार

फॉर्म आणला! डोळ्यांच्या मोठ्या इस्पितळात, रेकॉर्ड विभागात, जुने केसपेपर कॉम्प्युटरवर चढवायला माणूस हवंय. दोन महिने, रोज चार तास, दहा ते दोन. उन्हाळ्यात त्यांची नेहमीची माणसं रजेवर जातात, तेवढ्यापुरतं. खिडकीतल्या क्लार्कने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मुलीसाठी का?" "नाही, माझ्यासाठी." "अच्छा," म्हणाला. त्या एका अच्छामध्ये माझी सेहेचाळीस वर्षं बसवली त्याने.

फॉर्म इंग्रजीत. सोबत अर्ज जोडायचा, तोही इंग्रजीत. चार पानं! एवढ्यात तर माणूस परदेशी राजदूत म्हणून रुजू होईल.

घरी जाहीर केलं. नवरा म्हणाला, "चार तासांसाठी एवढा खटाटोप? घरात काय कमी आहे?"

कमी काहीच नाही. तेच तर! घरात सगळं आहे आणि ते कुठे आहे हे फक्त मला ठाऊक आहे. एकोणीस वर्षं मी या घरातलं बोलतं कपाट आहे. मला रोज चार तास अशा खोलीत बसायचंय जिथे मोजे कुठे आहेत असं मला कुणी विचारणार नाही. एवढंच हवंय. पण इतकं हवंय की येताना रस्त्यात दोनदा पिशवी उघडून फॉर्म आहे ना ते पाहिलं.

४ एप्रिल, शुक्रवार

लेक अर्ज लिहून द्यायला बसली. वय सतरा, इंग्रजी उत्तम, संयम शून्य. माझा कच्चा अर्ज वाचून म्हणाली, "आई, असं आता कुणी लिहीत नाही गं!"

मी लिहिलं होतं: मला टायपिंग येतं. लग्नाआधी दोन वर्षं एका वकिलांकडे काम केलं आहे. माझ्या चुका कमी होतात. तिने त्याचं केलं: मी डायनॅमिक आहे, पॅशनेट आहे, आणि मला आव्हानं आवडतात. केसपेपरांबद्दल पॅशनेट! परक्या माणसांच्या मोतीबिंदूविषयी एवढी ओढ बरी नव्हे.

मग रकाना आला — मधली वर्षं काय केलं? रकाना दोन बोटांचा. लेकीने ठोकून दिलं, 'होम मॅनेजर'.

नवरा पेपराआडून, "मग मी कोण? चेअरमन?"

"बाबा, तू व्हिजिटर," लेक म्हणाली.

पेपर जरा वर गेला. मी डायनॅमिक खोडलं, पॅशनेट खोडलं, मॅनेजरही खोडला. लिहिलं, घर सांभाळलं. इंग्रजीत ते तीन शब्दांत होतं. एकोणीस वर्षं, तीन शब्द. फार काटकसरी भाषा आहे.

६ एप्रिल, रविवार

चौथं पान. घात तिथे होता!

दोन रेफरी द्या म्हणे. म्हणजे आपल्याबद्दल दोन बरे शब्द लिहून देणारी माणसं. अटी वाचा: रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातली नकोत. याच शहरात राहणारी हवीत. किमान पाच वर्षांची ओळख हवी. दोघांनी इंग्रजीत, सहीनिशी, बंद पाकिटात पत्र द्यायचं. फॉर्म आधी दिला तरी चालेल, पत्रं पंधरा तारखेपर्यंत.

मला वाटलं, हात्तिच्या! दोन माणसं! एवढ्या मोठ्या शहरात! चहा घेऊन यादी करायला बसले.

वकीलसाहेब — वारले. जिवलग मैत्रीण — तिचं माझ्या भावाशी मीच जमवून दिलं, ती वहिनी झाली, नात्यात गेली, बाद. दुसरी मैत्रीण — नवऱ्याच्या बदलीबरोबर गाव बदलत असते, बाद. समोरचे गेल्या वर्षी राहायला आलेत, वरचे त्याच्या आदल्या. लेकीच्या वर्गशिक्षिका — मुद्दाम फोन केला. "हो हो, ओळखते ना! कोणाची आई म्हणालात?" नवऱ्याचा मित्र, बारा वर्षं आमच्याकडे येतो. म्हणाला, "वहिनी, देतो की लिहून! फक्त तुम्ही काय काय करता तेवढं सांगा." मी म्हटलं, चहा करते. फोन ठेवला.

यादीतलं शेवटचं नाव खोडलं आणि कागदाकडे बघत बसले. लग्न झाल्यापासून मी ज्यांना ज्यांना भेटले ते सगळे कुणाच्या तरी मार्फत. ह्यांचे, लेकीच्या शाळेतले, सासरचे. माझं असं ओळखणारं एक माणूस नाही. गंमत म्हणून यादी करायला घेतली होती, पण रडू आलं. चांगली रडले. मग कुकर लावला.

८ एप्रिल, मंगळवार

फॉर्म देऊन आले. रेफरींचे रकाने नुसतेच कोरे. क्लार्क म्हणाला, "पत्रांबरोबर भरा, पण पंधरा म्हणजे पंधरा हं."

नवऱ्याने तोडगा काढलाय. "ताईला सांग की! तिचं आडनाव आता वेगळं आहे, कोण बघतंय?" म्हणजे लबाडी करायची तीही नणंदेच्या आशीर्वादाने! नको रे बाबा. पुढची वीस वर्षं ऐकवील.

९ एप्रिल, बुधवार

एक रेफरी सापडला! आमचे डॉक्टर. चौदा वर्षांची ओळख, आणि नातं नाही. लगेच लिहूनही दिलं. पाकीट बंद करायच्या आधी कौतुकाने मला वाचून दाखवलं:

ही बाई चौदा वर्षं माझी पेशंट आहे. रक्तदाब आटोक्यात आहे. गोळ्या वेळेवर घेते. संसर्गजन्य आजार नाही. बैठं काम करण्यास हरकत नाही.

"कसं वाटलं?" म्हणाले. मी म्हटलं, भरून आलं. इतकं चांगलं माझ्याबद्दल कुणी लिहिलंच नव्हतं.

१० एप्रिल, गुरुवार

दुसरा नाहीच. शेवटी शिंप्यालाही विचारलं. "ताई, इंग्रजी कुठलं? मी फार तर तुमची मापं देईन." चौदा वर्षांची मापं! ती नको कुणाच्या हाती पडायला.

११ एप्रिल, शुक्रवार

लेक जेवताना सहज म्हणाली, "खालची आहे की."

घास हातात राहिला. खालची म्हणजे आमच्या बरोब्बर खालच्या घरातली. इंग्रजीची शिक्षिका, निवृत्त, एकटी राहते. अकरा वर्षं एका जिन्याने येतो-जातो. इंग्रजी असं की वीजमंडळाला तक्रार केली तर त्यांनी फ्रेम करून लावावी. अटी सगळ्या पुऱ्या होतात. फक्त एक अडचण, चार वर्षं आमचा अबोला आहे.

तेव्हा लेक घरात दोरीवरच्या उड्या मारायची. खालची वर आली, शांतपणे म्हणाली, "माझ्या डोक्यावर रोज सहाशे उड्या पडतात. मी मोजल्यात." तिचं बरोबर होतं. त्या दिवशी माझं कशावरून तरी डोकं फिरलेलं होतं, आणि मी म्हणाले, "घरात माणसं असली की आवाज होतातच. तुम्हाला काय कळणार!"

ती खाली गेली. मी दार लावलं आणि दाराशीच उभी राहिले. चार वर्षं झाली, ते वाक्य मला जसंच्या तसं पाठ आहे. कुणालाही सांगितलेलं नाही. घरात सगळ्यांना वाटतं भांडण उड्यांचं आहे.

आणि आता त्या तोंडाने जाऊन म्हणू, बाई, माझ्याबद्दल दोन बरे शब्द लिहा? त्यापेक्षा तो पॅशनेट मोतीबिंदू परवडला.

१२ एप्रिल, शनिवार

गेले!

जिना उतरायला दहा मिनिटं लागली. अठरा पायऱ्या आहेत. बेल वाजवली. दार उघडलं, तिने चष्म्यावरून पाहिलं. मी पाठ केलेलं सगळं विसरले आणि फॉर्मची झेरॉक्सच पुढे केली. पोस्टमन झाले!

तिने आत बोलावलं नाही, घालवूनही दिलं नाही. दारातच वाचायला लागली. चारही पानं. फार वेळ वाचत होती. मला वाटलं, आता व्याकरण तपासून वर मार्क देणार. शेवटी म्हणाली, "चुका नाहीत."

मी म्हटलं, "त्या दिवशी मी जे बोलले ते फार वाईट—"

"पत्र उद्या दुपारी तयार असेल," ती म्हणाली. "बंद पाकीट. तुम्ही वाचायचं नाही, तसा नियम आहे."

"मला नाही म्हणालात तरी चालेल."

"मग आलात कशाला?"

दार लागलं. माझे कान लाल झाले होते. पण हो म्हणाली!

१३ एप्रिल, रविवार

पाकीट मिळालं. वर पत्ता. अक्षर छापल्यासारखं. "बसा" नाही, "या" नाही.

घरी येऊन टेबलावर ठेवलं आणि समोर बसले. जाडजूड लागतंय. दोन बऱ्या शब्दांना इतके कागद कशाला लागतात? नक्की सहाशे उड्यांचा हिशोब आहे आत. लेक म्हणते वाफेवर धरू. नवरा म्हणतो उजेडात धर. या घरात सचोटीची नुसती रेलचेल!

उघडलं नाही. शपथ! पण चारदा उजेडात धरलं.

१५ एप्रिल, मंगळवार

दोन्ही पाकिटं दिली. जे होईल ते होवो.

२२ एप्रिल, मंगळवार

मुलाखतीला बोलावलंय! परवा, अकराला. नवरा म्हणाला, "अरे वा!" आणि लगेच, "माझा निळा शर्ट कुठे आहे?"

२४ एप्रिल, गुरुवार

रेकॉर्ड विभागाच्या मुख्य बाई. टेबलावर माझा फॉर्म, दोन उघडी पाकिटं. इंग्रजीत म्हणाल्या, स्वतःबद्दल सांगा. मी टायपिंग, वकील, एवढं सांगितलं आणि गाडी अडली. तोंडातलं सगळं इंग्रजी सुटीवर गेलं. बाईंनी डॉक्टरांचं पत्र वाचलं, ओठ चावले. "तब्येत छान आहे तुमची," म्हणाल्या. मग दुसरं उचललं. आणि मोठ्याने वाचलं: 'या बाईंशी मी चार वर्षं बोलत नाही.'

संपलं, म्हटलं. पर्स उचलली.

"बसा हो," त्या म्हणाल्या आणि पुढचं वाचलं. त्यात होतं: माझी पत्रं अनेकदा चुकून यांच्या पेटीत पडतात. बँकेची, इस्पितळाची, खासगी. ती त्याच दिवशी माझ्या दाराखालून आत सरकवलेली असतात, न उघडता. या चार वर्षांत एकदाही चुकलं नाही. जिच्याशी पटत नाही तिचेही कागद जी व्यक्ती असे सांभाळते, तिच्या हाती रुग्णांचे कागद द्यायला तुम्ही कचरू नये.

बाई चष्मा काढून म्हणाल्या, "डायनॅमिक माणसांचे दहा अर्ज आलेत. मला कागद सांभाळणारं माणूस हवंय. दोन मेपासून या."

मी धन्यवाद म्हणाले की नाही आठवत नाही. पत्रं सरकवायची ही माझी एक सवय. त्यात काय मोठंसं, असं मला वाटायचं. ती मोजत होती!

येताना तिच्या दाराशी थांबले. बेल वाजवली. घरी नव्हती, किंवा असूनही उघडलं नाही. चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवली — नोकरी मिळाली, तुमच्यामुळे.

२ मे, शुक्रवार

पहिला दिवस. खुर्ची, कॉम्प्युटर, पंखा, साठ गठ्ठे. सव्वाअकराला नवऱ्याचा फोन, नेलकटर कुठे आहे? मी म्हटलं, कामावर फोन करू नये. आणि ठेवला! काय सुख आहे हे, काय सांगू!

६ मे, मंगळवार

जिन्यात खालची भेटली. मी म्हटलं, "काम छान आहे." ती म्हणाली, "असणारच." आणि भरभर उतरून गेली. विक्षिप्त आहे बाई. तरी मला ती आता आवडायला लागली आहे, कुणाला सांगणार नाही.

८ मे, गुरुवार

आज नामंजूर अर्ज फायलीला लावायचं काम आलं. दहा अर्ज. सातवा खालचीचा.

हीच नोकरी. शिक्का सात एप्रिलचा, मी तिची बेल वाजवली त्याच्या पाच दिवस आधीचा. वर लाल शाईने शेरा: रेफरींची पत्रं आली नाहीत.

चौथं पान उघडलं. रेफरी क्रमांक दोन, तिथे नुसती आडवी रेघ. रेफरी क्रमांक एक — माझं नाव. पूर्ण, पत्त्यासकट. ओळख किती वर्षांची? अकरा. त्याखाली प्रश्न आहे, या व्यक्तीची संमती घेतली आहे का? तिथे तिने पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलंय — अजून विचारलेलं नाही.